यादीबाईंच्या लाल रेघा

यादीबाईंनी मला आयुष्यात दोनदा मारलं. पहिल्यांदा मी चौथीत होतो. हजेरी चालू होती, शेजारचा मित्र आला नव्हता, आणि त्याचं नाव पुकारल्यावर मीच आवाज बदलून "हजर" म्हणालो. बाई वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या माझ्या बाकापाशी कधी आल्या आणि कानाखाली कधी बसली हे मला कळलंच नाही. "नसलेल्या माणसाचा आवाज काढतोस?" एवढंच म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. कान दोन दिवस वाजत होता.

दुसऱ्यांदा मी तेवीस वर्षांचा बाप्या होतो आणि आमच्या मोहने गावाच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं आणि मोबाइलचं दुकान होतं. मतदानाची सुट्टी साधून मी मित्रांबरोबर धरणावर पोहायला गेलेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात आल्या, पर्स काउंटरवर ठेवली आणि तीन गिऱ्हाइकांसमोर माझ्या गालावर एक ठेवून दिली. "तुझा फॉर्म भरायला मी तीन खेपा घातल्या नंद्या, आणि तू पोहायला जातोस," म्हणाल्या. मग त्याच पर्समधून कागद काढून दहा कॉपी मारायला सांगितल्या. मी मारल्या. गिऱ्हाइकं हसू दाबून उभी होती.

पालिकेच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदारयादी सांभाळणाऱ्या. हे काम सरकार शिक्षकांच्या गळ्यात मारतं आणि बहुतेक शिक्षक ते नाक मुरडत करतात. बाईंनी मात्र ते वीस वर्षं पदर खोचून केलं. त्यांचं खरं नाव शाळेच्या फळ्यावर होतं, पण वस्तीत सगळे त्यांना यादीबाई म्हणत. दुकानात फॉर्मच्या झेरॉक्सला आल्या की मशीनपाशी उभ्या राहून कोणाची सून आली, कोणाचा मुलगा अठराचा झाला याची चौकशी करत. आमच्याकडे बारसं असो की लग्न, बाईंना आमंत्रण असे आणि त्या यायच्या, आहेरासोबत एक कोरा फॉर्म घेऊन.

मयताच्या घरीही त्या येत. "माणूस गेलं की आधी मला कळवा, मग भटजीला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या स्वतः बौद्ध, त्यामुळे भटजीचा उल्लेख त्या जरा चवीनं करत आणि आमच्यासारखी कोकणातली घरं तो हसून घेत. एकदा मागच्या गल्लीतल्या एका बाईचा तरुण नवरा गेला. आठवडाही झाला नव्हता तोच यादीबाई नाव कमी करण्याचा फॉर्म घेऊन पोचल्या. त्या बाईनं हातातला पाण्यानं भरलेला तांब्या त्यांच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली. यादीबाईंनी पदरानं रक्त पुसलं, तिथेच जमिनीवर बसल्या आणि तासभर तिला रडू दिलं. फॉर्मवर सही मिळाली ती संध्याकाळी चहाबरोबर. लोक त्यांना यमाची कारकून म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं. "मेलेल्यानं मतदान केलं तर जिवंत माणसाचा अपमान होतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

मेलेल्यांकडून मतदान करून घेणारे मात्र आमच्याकडे होतेच. एका निवडणुकीआधी दोघांनी त्यांना शहाडच्या पुलाखाली गाठलं. वारलेल्यांची आणि गावी गेलेल्यांची नावं यादीत तशीच राहू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. बाई नाही म्हणाल्या. मग त्यांनी बाईंच्या खांद्यावरची यादीची पिशवी ओढली, बाईंनी सोडली नाही, तेव्हा पिशवीसकट बाईंना पंधरा-वीस पावलं फरपटत नेलं. दोन्ही गुडघे सोलून निघाले. त्यातल्या एकाच्या मनगटाला बाई अशा चावल्या की त्याला टाके घालावे लागले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना पट्ट्या बांधून त्या वर्गावर हजर. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "यादी गेली नाही ना, मग झालं." मी खूप दिवस ही गोष्ट दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, जणू मीच चावलो होतो.

त्यांची सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे वाचन. बाकीचे बीएलओ घरी बसून नावांवर खुणा करतात. बाई रविवारी सकाळी एखाद्या चाळीच्या अंगणात स्टूल टाकून त्यावर उभ्या राहत आणि अख्खी यादी मोठ्यानं वाचत. खोली नंबर, नाव, वय. बायका धुणं सोडून येत, पुरुष दात घासत उभे राहत. कोणी वारलं असेल, सोडून गेलं असेल, तर लोक ओरडून सांगत. शेजारच्या तीन घरांनी तेच सांगितलं तर बाई सगळ्यांसमोर यादी उंच धरून लाल पेनानं रेघ मारत. एकाचंही म्हणणं वेगळं पडलं तर रेघ नाही, चौकशी. कोणाचं वय पुकारलं की हशा पिकायचा, कोणाच्या घरात किती जण राहतात यावरून भांडणं लागायची, एकदा दोन जावांची झोंबाझोंबीही झाली. "चार भिंतींत मारलेल्या रेघेला चोरी म्हणतात," बाई सांगायच्या, "अंगणात मारली की ते काम." त्यांच्या या उघडेपणावर आमचा सगळ्यांचा इतका विश्वास होता की कोणी कधी स्वतःचं नाव तपासायला जात नसे.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या बंद पडलेल्या कंपनीच्या अंगाच्या दोन जुन्या चाळी धोकादायक म्हणून रिकाम्या झाल्या. माणसं टिटवाळ्याला, बदलापूरला पांगली, तिकडे त्यांनी नवे फॉर्म भरले, आणि इकडची नावं कमी करायचं काम बाईंवर आलं. त्या रविवारच्या वाचनाला मी गेलो होतो. पानंच्या पानं लाल होत होती. स्टुलावर उभी राहून घाम पुसत वाचणारी ती बाई बघून मला एकदम भरून आलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, मग हे कोण करणार, असं वाटलं. मी मोबाइल काढला आणि अकरा मिनिटांचा व्हिडिओ घेतला. दुपारी वस्तीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या यादीबाई, असं काम कोणी करत नाही. त्या दिवशी तो व्हिडिओ शेवटपर्यंत कोणी पाहिला असेल तर तो मीच.

बुधवारी डोंबिवलीहून माझ्या मेव्हण्यानं मला एक क्लिप पाठवली. पाऊण मिनिटसुद्धा नव्हती. बाईंचा आवाज काढून टाकलेला, मागे ढोल, आणि एक पुरुष चिडून सांगतोय की बघा, तुमची-आमची नावं कशी उडवली जातायत. पडद्यावर फक्त बाईंचा हात, लाल पेन आणि रेघेमागून रेघ. खाली त्यांचं आडनाव मोठ्या अक्षरांत, आणि प्रश्न, ही बाई कोणाची आहे ते ओळखा. उजव्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची कड दिसत होती. माझाच व्हिडिओ होता. दुपारपर्यंत दुकानात रिचार्जला येणारा प्रत्येक जण तो मला दाखवत होता.

मी ग्रुपवर लिहिलं की हा तुकडा आहे, पूर्ण व्हिडिओ बघा, रिकाम्या चाळींची नावं आहेत ती. पूर्ण व्हिडिओ परत टाकलाही. एकानं लिहिलं, इतका वेळ कोणाला आहे. दुसऱ्यानं लिहिलं, नंदूशेठ, तुम्ही पण त्यांच्यात गेलात का. तिसऱ्यानं माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो टाकला, त्याखाली काहीच लिहिलं नाही. काचेवर दगड पडायला कितीसा वेळ लागतो, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. मी फोन उलटा करून ठेवला. त्या क्षणाची मला आजही शिसारी येते.

घरी बाबांनाही क्लिप पोचली होती. माझे बाबा कंपनीत बत्तीस वर्षं मशीनवर होते. कंपनी बंद पडली आणि त्यांच्या हातात काही उरलं नाही, दर निवडणुकीला सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून रांगेत पहिलं उभं राहणं सोडून. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"कंपनी गेली, आता मतपण नेतायत," ते म्हणाले. "माझं नाव कापलंन त्या बाईनं."

"बाबा, तो व्हिडिओ मी काढलाय. मी तिथे होतो."

"मग तुला दिसलं नाही ती काय करतेय ते? मला तर स्पष्ट दिसतंय."

"रिकाम्या चाळींची नावं होती ती. थांबा, ऑनलाइन तुमचं नाव काढून दाखवतो."

"ऑनलाइन तेच लोक बसलेत. दाखवायला नाव ठेवतील आणि त्या दिवशी नसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला लहानपणापासून तिनं धाकात ठेवलंय. तू तिचीच बाजू घेणार."

ज्या बाईनं त्यांचं चुकलेलं नाव दोन वेळा फॉर्म भरून सुधारून घेतलं होतं, तिच्यावर त्यांचा वीस वर्षांचा विश्वास पाऊण मिनिटात संपला. मला त्यांचा इतका राग आला की मी जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आई भात वेचत बसली आणि बाबा काठी घेऊन खाली निघून गेले.

गुरुवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला ग्रुपवर निरोप फिरला, बाईच्या घरी जाब विचारायला चला. मी दुकान तसंच टाकून धावलो. विहारामागच्या गल्लीत बाईंची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पन्नास-साठ माणसं असतील. अर्ध्यांना मी ओळखत होतो, त्यांची आधारकार्डं मी लॅमिनेट केलेली. दार दोन लाथांत उखडलं. बाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, अजून पायात चपला होत्या. दोघांनी त्यांना केसाला धरून बाहेर ओढलं. एकानं शाईची बाटली डोक्यावर ओतली, लाल शाई, मुद्दाम आणलेली. याद्या फाडून त्यांच्या तोंडात कोंबत होते. एक बाई चपलेनं मारत होती, तीच, जिचा नवरा गेल्यावर यादीबाई तिच्यापाशी तासभर बसल्या होत्या. यादीबाई पडल्या, उठल्या, एकाला ढकललं, परत पडल्या. त्या शिव्या देत नव्हत्या, रडतही नव्हत्या. एकच ओरडत होत्या, "विचारा ना. अरे, एकदा विचारा."

मी गल्लीतल्या नळापाशी होतो. सहा-सात पावलांवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत तेच म्हणाल्या. मला फक्त एवढं ओरडायचं होतं की व्हिडिओ माझा आहे. मी ओरडलो नाही, नळ धरून उभा राहिलो. तेवढ्यात गर्दीतून चौकड्यांचा सदरा पुढे गेला. बाईंनी फाटलेली यादी उचलायला उजवा हात जमिनीवर टेकवला होता. काठी त्या हातावर पडली, मग परत पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. काठी माझ्या बाबांची होती. आजूबाजूला दहा-बारा मोबाइल वर होते आणि सगळे शूटिंग करत होते.

पोलीस आले तोवर गल्ली रिकामी झाली होती. बाईंच्या मनगटाची दोन हाडं मोडली, कानाचा पडदा फाटला, आणि चौकशी होईपर्यंत त्यांना कामावरून बाजूला ठेवलं. माराची क्लिप पहिल्या क्लिपपेक्षा जास्त फिरली. तिच्यात चौकड्यांचा सदरा पाठमोरा दिसतो, चेहरा नाही. आईनं तो सदरा चुलीत घातला, आणि आमच्याकडे गॅस येऊन पंचवीस वर्षं झालीत. चूल तिनं मागच्या मोरीत विटा मांडून पेटवली होती.

माझ्याकडे पूर्ण व्हिडिओ होता. तो घेऊन चौकशीला गेलो असतो तर बाई सुटणार होत्या, पण तिथे मला पुढचाही प्रश्न आला असता, गल्लीत कोण कोण होतं. एकोणीस दिवस मी गेलो नाही. दुकान उघडत होतो, कॉपी मारत होतो, लोकांच्या भरून वाहणाऱ्या फोनमधले व्हिडिओ पुसून देत होतो. बाबांचा द्वेष करत होतो आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणत होतो. विसाव्या दिवशी पेन ड्राइव्ह खिशात घालून गेलो. चौकशीच्या साहेबांनी अकरा मिनिटं पूर्ण पाहिली, दोनदा पाहिली. मला विचारलं ते अंगणाबद्दल, गल्लीबद्दल नाही. बाई निर्दोष असल्याचं पत्र निघालं. मी ते ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, आणि लगेच कोणीतरी फुलांचं गुड मॉर्निंग टाकलं, ते माझ्या पत्रावर बसलं. बाबा म्हणाले, "आपल्या माणसाला ते वाचवणारच."

बाई परत मोहन्याला आल्या नाहीत. कोलशेतला लेकीकडे राहायला गेल्या. दोन महिन्यांनी मी तिथे गेलो. लेक कामावर होती. बाईंनी डाव्या हातानं चहा केला, मला करू दिला नाही. उजवा हात मनगटापाशी वाकडा जुळला होता आणि त्या हातात एक रबरी चेंडू दाबत होत्या. मी एका बाजूनं बोललो की त्या दुसरा कान पुढे करत.

"नळापाशी तू होतास," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुझ्याकडे बघून ओरडले."

"घाबरलो, बाई. आणि बाबा पुढे होते."

त्यांनी चेंडू घट्ट दाबला. "बरं झालं बोललास. मोहन्याची बरीच माणसं येऊन गेली इथे. कोणीच तिथे नव्हतं म्हणे. मग मला मारलं कोणी?"

पोलिसांना त्यांनी काठी कोणाची ते सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी विचारलं, का नाही सांगितलंत.

"तुझ्यासाठी नाही. उगाच मोठेपणा घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचं नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, शेवटी अडकवलंच म्हाताऱ्याला. माझ्या हातून ते नको होतं मला. पण माफ केलंय असंही समजू नको. वेणी घालता येत नाही मला. रोज सकाळी लेक वेणी घालते आणि मी मनात त्यांना शिव्या घालते." मग आवाज एकदम खाली आला. "त्यांनी फक्त एकदा विचारायचं होतं रे. काठी उचलायच्या आधी. बाई, माझं नाव कापलंस का, एवढंच. मी पानावर बोट ठेवून दाखवलं असतं."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. निघताना म्हणाल्या, "मतदानाला घेऊन जा त्यांना. नाव आहे." आणि यादीचा भाग, पान, अनुक्रमांक तोंडपाठ सांगितला. त्यांची माझी ती शेवटची भेट. पावसाळ्याच्या तोंडाला डोक्यातली जुनी गाठ फुटली आणि त्या गेल्या. मारामुळे की वयामुळे, डॉक्टर ठामपणे काही बोलले नाहीत. मला डॉक्टरांची गरज नाही.

नव्या बीएलओंनी अंगणात वाचन केलं नाही. त्यांचं मी समजू शकतो. मतदानाच्या दिवशी बाबा सातला तयार झाले, पण या वेळी रांगेसाठी नाही, भांडणासाठी. "नाव नसेल तर तिथेच टेबल उलथून टाकतो," म्हणत होते. त्यांना नाव नसायलाच हवं होतं, हे मला वाटेत कळलं. नाव नसलं की त्यांची काठी खरी ठरणार होती. मी बाईंनी सांगितलेला अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिला. ती कोणी दिली हे सांगितलं. ते चिठ्ठी घेऊन शाळेच्या फाटकातून आत गेले.

पंधरा मिनिटांनी बाहेर आले. ओरडाआरडा झाला नव्हता. बोटाला शाई नव्हती. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर ते कसेबसे बसले. काठी हातातून सुटून रस्त्यावर पडली. ती उचलायला मी वाकलो नाही आणि तेही वाकले नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं. "मत दिलं नाहीत?"

"नाव होतं," बाबा म्हणाले.